पिवळी काही बोलेना

आमच्या गावात माणसाची परीक्षा दोनच गोष्टींवरून होते. एक, त्याच्या घराबाहेर रचलेली लाकडं सरळ उभी आहेत का. आणि दोन, त्याची बर्फगाडी दोरीच्या किती ओढींत सुरू होते. मी एकतीस वर्षं नगरपालिकेच्या वाचनालयात काढली. माझी लाकडं दर हिवाळ्यात दोनदा ढासळतात आणि जाणारे-येणारे मान वळवून बघतात. बर्फगाडीची परीक्षा मात्र मी आजवर शिताफीने टाळली होती, कारण माझ्याकडे बर्फगाडी नव्हतीच. म्हणजे होती, पण कोठारात होती, आणि कोठारातली वस्तू आमच्याकडे कोणी हिशेबात धरत नाही.

आईने ती हिशेबात धरली.

आई पंच्याऐंशीची. मेच्या एक तारखेला ती गाव सोडून सत्तर किलोमीटरवरच्या शहरात, म्हाताऱ्या माणसांसाठी बांधलेल्या नव्या इमारतीत राहायला जाणार होती. तिथे दारांना उंबरे नाहीत आणि मनगटावरचं बटण दाबलं की नर्स धावत येते. या सगळ्याला तिने इतक्या मुकाट्याने होकार दिला होता, की मला तेव्हाच संशय यायला हवा होता. दहा एप्रिलला, आमच्याकडच्या रीतीने कॉफीत चीजचे तुकडे सोडता सोडता, तिने आपली अट सांगितली. जायच्या आधी एकदा सरोवरापलीकडे जायचं, बाबांनी बांधलेल्या आडोशापाशी. पाठीला लाकडाची भिंत, तोंडावर ऊन, हातात संत्रं. तासभर बसायचं आणि परत यायचं. बाबा असताना दर ईस्टरला ती दोघं असंच करत.

मला हायसं वाटलं. म्हटलं, एवढंच ना, शेजारच्या शेल-ओवेला सांगतो. त्याच्या नव्या गाडीची सीटसुद्धा गरम होते.

"पिवळीवरून जायचं," आई म्हणाली.

पिवळी म्हणजे बाबांची बर्फगाडी. एकोणसत्तर सालची. ती बनवणारा कारखाना केव्हाच बंद पडला. अकरा वर्षांपूर्वीच्या एप्रिलमध्ये बाबांनी ती कोठारात ढकलली, जूनमध्ये बाबा गेले, आणि तेव्हापासून तिला कोणी हात लावला नव्हता. मी विचारलं, म्हणजे ती मी दुरुस्त करायची का? आईने श्वास आत ओढला.

आमच्या उत्तरेकडे 'हो' म्हणण्यासाठी कोणी शब्द खर्च करत नाही. ओठांचा चंबू करायचा, श्वास झटकन आत ओढायचा, झाला होकार. लग्नसुद्धा यावर लागतं. माझं लागलं आहे.

तर दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता मी कोठाराचं दार उघडायला गेलो. ते उघडेना. खाली बर्फ गोठला होता. अर्धा तास पहार मारली तेव्हा ते हललं, आणि हललं ते थेट माझ्या अंगावर आलं. आत पिवळी कुठे दिसेना. अकरा वर्षांत घरातल्या प्रत्येक नकोशा वस्तूने तिच्यावर आसरा घेतला होता. जुने पडदे, एकचाकी ढकलगाडी, जॅमच्या बाटल्यांची खोकी, आणि एका सांबराची शिंगं. ती आमच्या घरात कशी आली हे कोणालाच माहीत नाही, कारण आमच्या घरात कोणी कधी शिकार केली नाही. सगळं बाजूला केल्यावर खाली पिवळी निघाली. रंग जरा उडालेला, पण बाकी तशीच. सीटच्या कोपऱ्यात उंदरांनी घर केलं होतं आणि ते माझ्या घरापेक्षा नीटनेटकं होतं.

मी मागे वळलो तर वाल्फ्रीद येऊन बसला होता.

वाल्फ्रीद बाबांचा जन्माचा मित्र, वय सत्त्याऐंशी, समोरच्या घरात एकटा राहतो. कोठाराच्या दाराशी लाकडं फोडायचा ओंडका आहे, त्यावर तो बसला होता, हातात थर्मास. त्या दिवसापासून तो रोज सकाळी नऊला यायचा, कॉफी प्यायचा, बघायचा आणि बाराला जेवायला जायचा. पंधरा दिवसांत तो बोललेली सगळी वाक्यं मला पाठ आहेत. पहिल्या आठवड्यात तो म्हणाला, थंडी आहे. दुसऱ्या आठवड्यात म्हणाला, थंडी कमी झाली.

मी त्याला काही विचारलं नाही. इथे न विचारता कोणी सल्ला देत नाही, आणि सल्ला विचारणं म्हणजे आपल्याला येत नाही हे गावासमोर कबूल करणं. त्यापेक्षा माणसं थंडीने मरतात.

शेल-ओवेला हे लागू नाही. तो मूळचा दक्षिणेकडचा, त्यामुळे तो बोलतो. सव्वीस वर्षं झाली त्याला गावात येऊन, तरी लोक त्याला 'तो नवीन' म्हणतात. त्याने त्याचं वाईट वाटून न घेता बर्फगाडी क्लबचं अध्यक्षपद घेतलं, जे दुसरं कोणी घेत नव्हतं. दहाच्या सुमाराला तो आला, पिवळीभोवती एक चक्कर मारली आणि दुःखद बातमी सांगणाऱ्या डॉक्टरसारखा माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाला, जुनं पेट्रोल सगळं काढून टाक, नव्यात तेल मिसळून घाल, प्लग नवा लाव आणि दोरी ओढ. मी म्हटलं, एवढं मलाही कळतं. मला एवढं कळत नव्हतं.

पेट्रोल बदललं, प्लग बदलला आणि दोरी ओढली. इंजिन हललं नाही. पुन्हा ओढली. बाविसाव्या ओढीला काहीतरी सुटल्याचं जाणवलं आणि मनात आनंदाची लाट आली, पण सुटली होती ती दोरीच. दोरीचं टोक हातात घेऊन मी मागच्या मागे जॅमच्या बाटल्यांवर जाऊन बसलो. शेल-ओवेने क्लबतर्फे सहानुभूती व्यक्त केली. वाल्फ्रीदने कॉफीचा घोट घेतला.

माणूस एकदा बाटल्यांवर बसला की मग त्याला माघार घेता येत नाही. तोवर मी हे आईसाठी करत होतो, त्यानंतर थोडं स्वतःसाठीही करू लागलो. खरं सांगायचं तर माझी आणि त्या कोठाराची जुनी भानगड आहे. लहानपणी बाबा पिवळीचं काहीबाही काम करायला बसले की मला हाक मारत, कंदील धरायला. मी कंदील एका हातात धरी आणि दुसऱ्या हातात पुस्तक, आणि उजेड हळूहळू पुस्तकाकडे सरके. बारा वर्षांचा झालो तेव्हा बाबांनी कंदील खिळ्याला टांगला आणि हाक मारणं बंद केलं. रागावले नाहीत, एक शब्द बोलले नाहीत. रागावले असते तर मी विसरून गेलो असतो. त्या हाकेची उणीव मला साठाव्या वर्षीही भासते.

नवी दोरी बसवली. मग शेल-ओवेचं निदान आलं, कार्बोरेटर. तो सोडवून मी घरात आणला, स्वयंपाकघराच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरलं आणि त्याचे एकेचाळीस भाग केले. नंतर पुस्तकात बघितलं तर ते एकोणचाळीस असायला हवे होते. सगळे पेट्रोलने धुतले, मग साबणाने धुतले, आणि आता ते कुठेतरी खडखडीत वाळवायला हवे होते. आमच्याकडे खडखडीत वाळवणारी एकच जागा आहे.

माझी बायको आन्नेली नदीपलीकडच्या मुलखातली. त्या लोकांचा देवावर किती विश्वास आहे ते सांगता येणार नाही, पण सौनावर, म्हणजे वाफेच्या न्हाणीवर, पूर्ण आहे. शनिवारी संध्याकाळी ती सौनात गेली आणि मी तिच्या शेजारी जाऊन बसलो. वरच्या फळीवर कार्बोरेटरचे भाग ओळीने मांडलेले. तिने निखाऱ्यांवरच्या दगडांवर पाणी टाकलं. वाफ उठली आणि तिच्याबरोबर पेट्रोल पंपाचा वास उठला. आन्नेली काही बोलली नाही. सौनात भांडायचं नाही असा तिच्या घराण्याचा नियम आहे. तिने शांतपणे अंग धुतलं, टॉवेल गुंडाळला, दार उघडलं. सौनापासून घरापर्यंत बावीस पावलं आहेत. त्या बावीस पावलांत तिने माझ्याबद्दल, माझ्या शिक्षणाबद्दल आणि आमच्या घराण्यातल्या पुरुषांबद्दल जे जे सांगायचं ते सगळं सांगून संपवलं. घरात पाऊल ठेवल्यावर तिने विचारलं, जेवायला काय करू?

सोमवारी कार्बोरेटर बसवला. दोन भाग उरले, ते खिशात ठेवले. दोरी ओढली. आणि पिवळी बोलली.

म्हणाली, फट्.

मी जागच्या जागी उडी मारली. पुन्हा ओढली. फट्. आणि गप्प. तिसऱ्यांदा, फट्, आणि गप्प. आजारी माणसाने एक डोळा उघडून आपल्याकडे बघावं आणि ओळख न दाखवता पुन्हा मिटावा, तसं चाललं होतं. ठिणगी होती, पेट्रोल होतं, इंजिनात दमही होता. तरी एका फट्‍च्या पुढे गाडी जाईना. शेल-ओवे म्हणाला, पॉइंट्स. पॉइंट्स घासले. फट्. शेल-ओवे म्हणाला, कॉइल. कॉइल बदलली. फट्. मग क्लबची चार माणसं आली आणि बॉनेटभोवती अंत्यविधीला उभी राहतात तशी उभी राहिली. त्यांच्यात पाच मतं झाली.

या सगळ्याच्या आधी, पहिल्याच सोमवारी शेल-ओवेने सहज विचारलं होतं, पण गाडी रस्त्यावर आहे ना? मी म्हटलं, कोठारात आहे. तो म्हणाला, कागदावर म्हणतोय मी.

कागदावर पिवळी वापरातून काढलेली होती आणि बाबांच्या नावावर होती. मी नोंदणी कचेरीला फोन लावला. पलीकडे एक अतिशय सभ्य बाई होत्या. त्यांनी मालकाला फोन द्यायला सांगितलं. मी म्हटलं, मालक अकरा वर्षांपासून चर्चच्या आवारात आहेत. बाई म्हणाल्या, मग तिथून आल्यावर त्यांना फोन करू देत. गैरसमज दूर केल्यावर बाईंनी विचारलं, आपण वारस आहात का? मी श्वास आत ओढला. मग बाई घाबरून म्हणाल्या, आपल्याला बरं वाटतंय ना? कोणाला बोलवू का? दक्षिणेकडच्या माणसाशी फोनवर बोलताना हे जपावं लागतं.

शेवटी असं ठरलं, की सगळ्या वारसांच्या सह्या हव्यात. माझी बहीण शेर्स्टिन दूर समुद्रकाठच्या शहरात राहते. तिने सही पाठवली आणि चिठ्ठीत लिहिलं, तू? दुरुस्त? सोबत तीन उद्गारचिन्हं होती. आठवड्याभराने कचेरीचं पत्र आलं ते थेट बाबांच्या नावाने. श्री. आल्गोत यांस, आपली गाडी चालवण्यास आता मोकळीक आहे. मी ते लपवणार होतो, पण आईच्या हाती लागलं. तिने चष्मा लावून दोनदा वाचलं आणि फ्रीजवर लोहचुंबकाने लावून टाकलं. म्हणाली, बरं झालं, त्याला आवडलं असतं.

आई मधूनमधून कोठाराशी यायची. काठी टेकत, हळूहळू, उन्हात. वाल्फ्रीद ओंडक्यावर जरा सरकून तिला जागा द्यायचा. तिच्या डाव्या हातात तिने स्वतः विणलेला पांढऱ्या लोकरीचा हातमोजा असे, जाड, नमद्यासारखा, मनगटाला निळी-लाल वेलबुट्टी आणि लोंबता गोंडा. उजव्या हातात बाजारचा काळा चामड्याचा. अकरा वर्षं ती असेच दोन भावंडं नसलेले हातमोजे घालते. गावाला त्याची सवय झाली आहे. तिने विजोड हातमोजे घातले नाहीत तर लोक विचारतील, हिल्दूर, बरं नाही का?

एके दिवशी दोरी ओढून माझ्या हातांना फोड आले होते. ते बघून ती आपणहून बोलू लागली. त्या शेवटच्या एप्रिलमध्ये आडोशावरून परत आल्यावर तिचा उजवा हातमोजा सापडेना. अख्खा हिवाळा विणून तयार केलेली जोडी. तिने बाबांना विचारलं. बाबा म्हणाले, जागेवर आहे. तिने घरभर शोधलं. पुन्हा विचारलं. जागेवर आहे. तिला वाटलं, हरवून आलाय आणि वर मला वेड्यात काढतोय.

"चार दिवस मी त्याच्याशी बोलले नाही," आई म्हणाली. "आमचं शेवटचं भांडण ते. हातमोज्यावरून."

मी दोरी ओढली. फट्. वाल्फ्रीद जमिनीकडे बघत होता.

बावीस तारीख उजाडली. आता दिवसा बर्फ मऊ पडू लागला होता, सरोवरावर दुपारी पाणी साचायचं. फक्त सकाळचे तीन-चार तास रात्रीच्या थंडीने वरचा थर कडक असे, तेवढ्यातच गाडी जाणार. त्यातच गावाच्या फलकावर सूचना लागली, की रविवार पंचवीसपासून सरोवरावरची वाट बंद. म्हणजे शनिवारची सकाळ शेवटची. शेल-ओवेने अंतिम निदान दिलं. क्रँकचं सील गेलंय, इंजिन अख्खं उघडावं लागेल, पुढच्या हिवाळ्यापर्यंत होईल. पुढचा हिवाळा आई कुठे काढणार होती ते सगळ्यांना माहीत होतं. शेल-ओवे चांगला माणूस आहे, तो स्वतः आईकडे गेला आणि म्हणाला, माझ्या गाडीवर बस, मी सावकाश नेतो, सीट गरम करतो. आई त्याला म्हणाली, त्या अवकाशयानावर तूच बस बाबा.

नंतर मी तिला एकटीला गाठून विचारलं, की गाडी कुठली का असेना, आडोशापर्यंत पोचल्याशी मतलब ना? तिने खिडकीतून सरोवराकडे बघितलं. म्हणाली, मागे जोडलेल्या बिनचाकी घसरगाडीत बसलं की पिवळीचा तो आवाज आणि तो धूर यायचा. त्याची फक्त पाठ दिसायची. चाळीस वर्षं मी त्याच्या पाठीशी बोलले, त्याला काही ऐकू यायचं नाही. त्या चार दिवसांचं जे आहे ते तिला तिथेच, तसंच सांगायचं होतं. मग तिने विषय बदलला आणि मला सूप वाढलं.

शुक्रवारी दिवसभर मी जे जे सुटतं ते सोडलं आणि पुन्हा बसवलं. खिशातले उरलेले भाग चार झाले.

शनिवारी सकाळी सहाला मी कोठारात होतो. बर्फ दगडासारखा कडक, आकाश निरभ्र, असा दिवस वर्षात चारच येतात. आई घसरगाडीशी तयार उभी. रेनडिअरचं कातडं अंथरलेलं, पिशवीत संत्री आणि थर्मास. शेल-ओवे आपलं अवकाशयान घेऊन दूर उभा, कोणी हाक मारलीच तर. आन्नेलीही आली होती. मी दोरी ओढली. फट्. ओढली. फट्. तीसदा ओढली आणि तीसदा तेच ऐकलं. हात उचलेना तेव्हा मी ओंडक्याकडे गेलो. वाल्फ्रीद त्या दिवशी नऊऐवजी सहालाच आला होता. मी त्याच्या शेजारी बसलो. एकतीस वर्षं नोकरी केलेला, पेन्शन घेणारा माणूस, सगळ्यांसमोर, डोळ्यांत पाणी.

"वाल्फ्रीद," मी म्हटलं, "मला हे येत नाही. तुला काय वाटतं?"

वाल्फ्रीदने थर्मासचं झाकण लावलं. मोठा सुस्कारा सोडला, जणू पंधरा दिवस तोच धरून ठेवला होता.

"धुराच्या नळीत हातमोजा आहे," तो म्हणाला.

मी उठलो. शेल-ओवेने आणि मी पिवळी आडवी केली. सायलेन्सरचं तोंड तिच्या पोटाखाली, जमिनीच्या अंगाला असतं. आम्ही दोघांनी आणि एका क्लबने मिळून तिचं डोकं, छाती, घसा सगळं तपासलं होतं, पण या टोकाला कोणी गेलं नव्हतं. काखेत कळसा म्हणतात, इथे तर तो दुसऱ्याच कुठेतरी होता. पक्कड आत घातली आणि ओढली. काळी, चेपलेली लोकर बाहेर येऊ लागली, बोळ्यासारखी, घट्ट. शेवटी गोंडा आला. गोंड्याजवळ काजळीतून निळ्या-लाल वेलबुट्टीची एक ओळ अजून दिसत होती.

पिवळी पुन्हा सरळ करून मी वाल्फ्रीदला म्हटलं, पंधरा दिवस तू इथे बसून बघतोयस. माझे हात सोलले, सौनात पेट्रोल गेलं.

"तू विचारलं नाहीस," वाल्फ्रीद म्हणाला.

आई पुढे आली. काठी आन्नेलीच्या हातात दिली आणि हातमोजा घेतला. उलटा केला, सुलटा केला, बाहीवर थोडा घासला. बराच वेळ तिच्या चेहऱ्यावरून काही कळेना. मी घाबरलो होतो, की आता ती परत घरात जाईल. तिने वाल्फ्रीदकडे बघितलं.

"तुला माहीत होतं."

वाल्फ्रीदने श्वास आत ओढला. मग, कोणी विचारलेलं नसताना, तो बोलू लागला. मी जन्मात त्याला सलग एवढं बोलताना ऐकलेलं नाही. "सीटवर पडला होता तुझा. उंदीर शिरू नयेत म्हणून आल्गोतने हाताला लागलं ते कोंबलं. नंतर तू चिडलीस, तेव्हा त्याला मजा वाटली. मला म्हणाला, बोलू नकोस कुणाला. नोव्हेंबरात गाडी काढताना तिच्या हातानेच बाहेर काढायला लावतो, मग हसेल. आता ते त्याचं गुपित होतं, हिल्दूर. मी कसं फोडणार? मला वाटलं, गाडी काढाल तेव्हा निघेलच. अकरा वर्षं कोणी काढलीच नाही."

तेव्हा कुठे मला कळलं, की तो रोज नऊला येऊन कशाची वाट बघत होता.

आईने चामड्याचा काढून तो हातमोजा उजव्या हातात चढवला. काजळी झडून बर्फावर पडली. आधी तिचे खांदे हलले, मला वाटलं रडतेय. ती हसत होती. काठीशिवाय उभी राहून, पिवळीच्या सीटला धरून, डोळे पुसत हसत होती, आणि त्यामुळे तिचं सगळं तोंड काळं झालं. आन्नेली रडत होती. शेल-ओवेकडे बोलायला काही नव्हतं, हे गावाच्या इतिहासात नमूद करायला हरकत नाही.

मी दोरी ओढली. पिवळी म्हणाली, फट्. आणि मग फट् फट् फट् करत, खोकत, थरथरत ती सुरू झाली. तिच्याखालून निळ्या धुराचा लोट उठला आणि त्या वासाबरोबर माझ्या हातात एकदम कंदील आला. मी बारा वर्षांचा होतो आणि पुस्तक घरी ठेवून आलो होतो.

"ये, बस," आई वाल्फ्रीदला म्हणाली. "शिक्षा म्हणून."

दोघंही घसरगाडीत बसली, एका कातड्याखाली. मी पुढे. सरोवरावर सूर्य इतका लख्ख होता की डोळे उघडवत नव्हते. मागे आई बोलतेय एवढं मला जाणवत होतं, पण पिवळीच्या आवाजात एक शब्द कळत नव्हता. मी मागे वळून बघितलं नाही. माझी पाठ बाबांसारखी रुंद नाही, पण त्या दिवशी मी ती होईल तेवढी ताठ ठेवली. सरोवर ओलांडायला पंचवीस मिनिटं लागली, आणि ती सगळी पंचवीस मिनिटं ती बोलत होती. आडोशाशी पोचल्यावर ती गप्प झाली, ऊन खात बसली आणि संत्रं सोलून आम्हाला अर्धं अर्धं दिलं. फोडींवर काळी बोटं उमटली होती, आम्ही तशीच खाल्ली.

दहाच्या आत परत आलो. पिवळी कोठारात ढकलली. मी दार लावणार, तेवढ्यात आई म्हणाली, थांब. तिने काजळीने काळा झालेला हातमोजा काढला, गुंडाळला आणि माझ्या हातात दिला. मी वाकलो आणि तो होता तिथे कोंबला. मग तिने डावा, पांढरा हातमोजाही काढला. मी विचारलं, हा कशाला? ती म्हणाली, हवा जिथून आत जाते तिथेही उंदीर शिरतात. तो मी एअर फिल्टरच्या तोंडात बसवला. अकरा वर्षांनी जोडी एका गाडीत आली.

मग आईने आम्हा सगळ्यांना, मला, आन्नेलीला, शेल-ओवेला, ओंडक्यावरच्या वाल्फ्रीदला, ओळीने उभं केलं. शेर्स्टिनला फोन लावायला लावला. आणि एकेकाला बोट दाखवून सांगितलं, एक धुराच्या नळीत आहे, एक हवेच्या नळीत आहे. फोनमधून शेर्स्टिन विचारत होती, काय आहे? कुठे आहे? आईने पुन्हा सांगितलं.

"मी सांगून ठेवलंय," ती म्हणाली. "मागाहून कोणी भांडू नका."

वाल्फ्रीदने श्वास आत ओढला. आई उघडे हात कोटाच्या खिशात घालून घराकडे निघाली.